विश्व कायमचंच आहे की कुणी केलं? खोडदच्या अँटेनाखाली विचारलेला प्रश्न

प्रश्न असा होता: “सर, विश्व पहिल्यापासून आहेच, की देवाने निर्माण केलं? आजोबा म्हणतात देवाने केलं, क्लासचे सर म्हणतात बिग बँगने झालं. नक्की कोणाचं खरं?”

विचारणारी बारावीतली मुलगी. ठिकाण नारायणगावजवळचं खोडद, जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचं आवार, तारीख २८ फेब्रुवारी, म्हणजे विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाची गर्दी. आजोबा शेजारीच उभे होते, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. त्यांची गाडी येता येता आळ्याला रेड्याच्या समाधीचं दर्शन घेऊन आली होती. मागे शाळांच्या रांगा लागलेल्या, माझ्या हातात दोन मिनिटं. जे काही बोललो ते माझं मलाच पटलं नाही, म्हणून आता सवडीने लिहितोय.

माझ्याबद्दल एवढंच, की पस्तीस वर्षं रेडिओ दुर्बिणींवर निरीक्षणं घेण्यात गेली, आधी उटीला आणि नंतर इथे. निवृत्तीनंतर पुण्यात एका शास्त्रीबुवांकडे दर गुरुवारी दर्शनशास्त्र शिकायला बसतो. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही काठांवर माझे पाय थोडेथोडे ओले झाले आहेत.

आधी थेट उत्तर. आपल्याला दिसतं ते विश्व सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी, म्हणजे १३८० कोटी वर्षांपूर्वी, अतितप्त आणि अतिदाट होतं, आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत, थंड होत आलं आहे. एवढं मी पैज लावून सांगेन. ती तप्त अवस्था म्हणजेच सगळ्याची सुरुवात, की तिच्याही आधी काही होतं, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि देवाने केलं का, हे आमच्या अँटेनाला विचारून उपयोग नाही.

मुलीच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. विश्वाला सुरुवात आहे का, हा एक. विश्व स्वतःच्या बळावर उभं आहे की दुसऱ्या कशाच्या आधाराने, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की दुसऱ्याचं ‘देव’ असं आपोआप येतं, आणि पहिल्याचं ‘नाही’ आलं की देवाला सुट्टी, असं आपण धरून चालतो. ही गाठ भल्याभल्यांकडून पडली आहे. अगदी पोपकडूनही.

तो किस्सा सांगतो. बिग बँगच्या कल्पनेचा जनक म्हणावा असा माणूस म्हणजे जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा. शिक्षणाने गणिती आणि वृत्तीने कॅथलिक धर्मगुरू, १९२३ साली दीक्षा घेतलेला. आइनस्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व निघतं हे त्याने १९२७ मध्ये दाखवलं, आणि १९३१ मध्ये ‘नेचर’ला एक छोटंसं पत्र लिहून सुचवलं, की सगळं विश्व एका आदिम अणूतून निघालं असावं. त्या पत्राचा टंकलिखित मसुदा उपलब्ध आहे. त्यात शेवटी देवाबद्दलचा एक परिच्छेद होता. परमेश्वर मुळातच गुप्त असतो आणि आजचं भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदाच टाकतं याचा श्रद्धावानाला आनंदच वाटेल, अशा आशयाचा. छापायला देण्याआधी लमेत्रने तो स्वतःच्या हाताने खोडला. अंगावर धर्मगुरूचा झगा असलेला माणूस शोधनिबंधातून देवाचं नाव काढतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पुढे २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीत भाषण केलं. आधुनिक विज्ञानाने मागे मागे जात थेट बायबलातल्या ‘प्रकाश होवो’च्या क्षणाची साक्ष दिली आहे, असा त्याचा सूर होता. लमेत्रला ते अजिबात रुचलं नाही. पोपच्या विज्ञान-सल्लागाराकडे त्याने आपलं म्हणणं पोहोचवलं, आणि पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसमोर पोप बोलले तेव्हा असा दावा त्यांनी पुन्हा केला नाही. लमेत्रची भूमिका साधी होती. माझा सिद्धांत उद्या चुकीचा ठरू शकतो, मग तुम्ही त्यावर देव टांगून ठेवलात तर त्याचं काय होईल?

दुसऱ्या बाजूला केंब्रिजचा फ्रेड हॉइल. हा देव न मानणारा, आणि सगळं विश्व एका विशिष्ट क्षणी अचानक अवतरलं ही कल्पना त्याला मुळातच अवैज्ञानिक वाटायची. ‘बिग बँग’ हे नावही त्याचंच, १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना घेतलेलं. १९४८ साली हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि हॉइल यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला: विश्व अनादि, अनंत, आणि सर्व काळी सारखंच. प्रसरणामुळे दीर्घिका (गॅलेक्सी) लांब जातात, पण मधल्या मोकळ्या जागेत नवा द्रव्यकण जन्माला येतो, त्यामुळे सरासरी दाटपणा तोच राहतो. त्यासाठी लागणारा वेग इतका किरकोळ, की एका खोलीएवढ्या जागेत हायड्रोजनचा एखादा अणू दिसायला कोट्यवधी वर्षं थांबावं लागेल. कुठली प्रयोगशाळा तो पकडणार?

यातली गंमत बघा. ज्याला ‘निर्मिती’ नको होती त्याच्या विश्वात निर्मिती रोज चालू आहे, फक्त कर्ता नाही. आणि ज्याचा कर्त्यावर विश्वास होता, त्याने निबंधातून कर्त्याचं नाव खोडलं.

हॉइलच्या बाजूने त्या काळी एक दणकट मुद्दाही होता. प्रसरणाचा तेव्हा मोजलेला वेग धरला तर विश्वाचं वय दोनेक अब्ज वर्षं यायचं, आणि भूशास्त्रज्ञ पृथ्वीचंच वय त्याहून जास्त सांगत होते. म्हणजे लेक आईपेक्षा मोठी! अनादि विश्वाला ही अडचणच नव्हती. पुढे १९५२ मध्ये वॉल्टर बाडने दीर्घिकांची अंतरं आपण फार कमी धरली होती हे दाखवलं, आणि मग ते वय वाढत गेलं.

मग हा वाद निकालात कसा निघाला? मोजणीने. हा भाग माझ्या कामाचा आहे, तेव्हा थोडा रेंगाळतो.

समजा अवकाशात सगळीकडे सारख्याच ताकदीचे दिवे सारख्या अंतराने टांगले आहेत. दुप्पट लांबचा दिवा चौपट मंद दिसतो. पण दुप्पट त्रिज्येच्या गोलात जागा आठपट, म्हणजे दिवेही आठपट. तेव्हा तुम्ही चौपट मंद दिव्यांपर्यंत मोजत गेलात तर एकूण आकडा आठपट व्हायला हवा. प्रसरण पावणाऱ्या स्थिर स्थितीच्या विश्वात तो आठाहून थोडा कमीच यायला हवा. केंब्रिजच्या मार्टिन राइलने रेडिओ स्रोतांची, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तूंची, अशी मोजणी केली. १९५५ ची यादी फसलेली होती, जवळजवळचे स्रोत एकमेकांत मिसळून आकडे फुगले होते आणि सिडनीच्या मंडळींनी ते जाहीरपणे दाखवून दिलं. १९६१ मध्ये राइल सुधारित आकडे घेऊन आला तेव्हा आठाच्या जागी सुमारे बारा येत होते. म्हणजे लांबवर, पर्यायाने भूतकाळात, रेडिओ स्रोत जास्त दाटीने होते. कालचं विश्व आजच्यासारखं नव्हतं.

हॉइलच्या बाजूने तेव्हा उत्तर द्यायला उभा राहिलेला संशोधक विद्यार्थी कोण, तर कोल्हापूरचा जन्म असलेले जयंत नारळीकर, वय वर्षं बावीस. विश्व मोठ्या पट्ट्यांमध्ये ओबडधोबड असू शकतं, आपण योगायोगाने जरा विरळ भागात असू, असा त्यांचा प्रतिवाद होता. तो अगदीच टाकाऊ नव्हता.

यानंतर प्रकरण आपल्याकडे, उटीला येतं. गोविंद स्वरूप यांच्या गटाने मुथोराईच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद पन्हळीसारखी दुर्बीण बांधली, १९७० मध्ये ती सुरू झाली. उतार मुद्दाम शोधलेला: उटीच्या अक्षांशाएवढा, सुमारे अकरा अंश. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसतो आणि ती नुसती कुशीवर वळत राहिली तरी एखाद्या स्रोताचा नऊ-साडेनऊ तास पाठलाग करता येतो. माझ्या मते एवढ्या कमी पैशांत इतकी हुशारी आपल्याकडे क्वचितच झाली असेल.

पद्धत होती चंद्राच्या पिधानाची. चंद्र सरकत सरकत एखाद्या रेडिओ स्रोताला झाकतो. त्याची कड आकाशात सेकंदाला साधारण अर्धा विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) पुढे जाते. स्रोत बिंदूसारखा असेल तर कागदावरची रेघ थरथरून धाडकन खाली पडते. पसरट असेल तर उतार घेत, टप्प्याटप्प्याने उतरते. त्या उतारावरून स्रोताचा आकार काढायचा. शेकडो स्रोतांचे असे आकार मोजल्यावर स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की मंद स्रोत जितके लहान दिसतात त्याचा मेळ स्थिर स्थितीशी बसत नाही. लांबचे रेडिओ स्रोत पूर्वी संख्येने जास्त होते आणि आकाराने मुळातच लहान होते असं धरलं तर हिशेब जमतो. मी उटीला गेलो तेव्हा हे काम होऊन काही वर्षं लोटली होती, पण आलेखाच्या गुंडाळ्या अजून कपाटात होत्या. एक उलगडून पाहिली होती. आठ-दहा सेकंदांची एक घसरण, आणि पेन्सिलीने कडेला लिहिलेली वेळ. विश्व अनादि आहे की नाही, या वादातला पुरावा असा दिसतो.

पण निर्णायक घाव त्याआधीच बसला होता, आणि तो तुमच्या घरातही येऊन गेला आहे. जुन्या टीव्हीवर चॅनेल नसलं की पडद्यावर मुंग्या यायच्या, आठवतं? त्या मुंग्यांपैकी शेकड्याने एखादी विश्वाच्या बालपणातली असते. १९६४ मध्ये न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर येत होती, कुठेही रोखा, कधीही रोखा, तेवढीच. आत कबुतरांनी संसार थाटलेला, ते हुसकावून घाणही साफ केली, तरी खरखर जाईना. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश होता तो, ताणला जाऊन निवलेला. आज त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७२५ अंश, म्हणजे उणे २७० सेल्सिअस. तुमच्या समोरच्या प्रत्येक घनसेंटिमीटर जागेत या क्षणी त्याचे सुमारे ४०० कण आहेत. लमेत्रला ही बातमी रुग्णालयात, १९६६ मध्ये मृत्यूच्या थोडे दिवस आधी कळली.

नारळीकरांनी मात्र हार मानली नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारित रूप मांडलं: विश्व अनादिच, पण सुमारे पन्नास अब्ज वर्षांच्या आवर्तनांत फुगत-आकसत जाणारं, आणि ती खरखर म्हणजे लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा सोडलेला ताऱ्यांचा प्रकाश. आमच्यातल्या बहुतेकांना ते पटलं नाही, मलाही नाही. त्या प्रारणाचा आलेख इतका गुळगुळीत आहे, की सुयांच्या भरवशावर तो जमवणं अवघड जातं. पण एक सांगतो. २० मे २०२५ ला नारळीकर गेले तेव्हा मोबाइलवर ‘देव नाकारण्यासाठी अनादि विश्व मानणारे’ असं त्यांचं वर्णन फिरत होतं. चूक आहे ते. त्यांचे सगळे निबंध समीकरणं आणि निरीक्षणं यांच्यावर उभे आहेत. चुकले असतील तर तिथे चुकले.

आता ‘सुरुवात’ या शब्दाकडे. प्रसरणाची फिल्म उलटी फिरवली की १३.८ अब्ज वर्षांपाशी दाटपणा अनंत येतो. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५ च्या समीकरणाच्या आधारावर पुढे पेनरोझ आणि हॉकिंग यांनी सिद्ध केलं, की आइनस्टाइनचं गुरुत्व खरं धरलं आणि द्रव्य साध्यासुध्या वळणाचं असलं, तर तो अनंत टळत नाही. लोक यालाच ‘विज्ञानाने सुरुवात सिद्ध केली’ म्हणतात. धंद्यातला माणूस तसं म्हणत नाही. मार्केट यार्डातल्या काट्यावर ट्रक चढवला आणि काटा शेवटच्या खुणेला जाऊन अडकला, तर आपण ‘ट्रकचं वजन अनंत’ असं लिहितो का? काट्याची मर्यादा संपली म्हणतो. तिथे पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) लागते, आणि गुरुत्वाचा पुंजसिद्धांत अजून पूर्ण हाती आलेला नाही.

हाती आहेत ते प्रयत्न. त्यातला एक आपल्या शिरपूरच्या माणसाचा. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी गुरुत्वाची पुंजभाषा नव्याने घडवली, आणि २००६ मध्ये पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्यासोबत गणित करून दाखवलं, की त्या भाषेत अनंत येतच नाही. अवकाश ठराविक मर्यादेपर्यंत दाबलं गेलं की गुरुत्व उलटं ढकलू लागतं आणि विश्व उसळी घेतं. म्हणजे बिग बँगच्या पलीकडे आकसत आलेलं आधीचं विश्व. दुसरे काही जण म्हणतात की काळच तिथे काळासारखा उरत नाही, ‘आधी’ या शब्दालाच अर्थ नाही. तिसरे म्हणतात विश्व शून्यातून पुंज-उडी मारून आलं. या तिसऱ्यांना मी नेहमी विचारतो, तुमच्या शून्यात पुंजभौतिकीचे नियम आधीपासून हजर कसे? रिकामा डबा म्हणता आणि आत पाककृती ठेवता.

यूट्यूबवरच्या वादविवादांत एक प्रमेय सतत फेकलं जातं, बोर्ड, गुथ आणि व्हिलेंकिन यांचं २००३ चं. सरासरीने फुगत आलेल्या विश्वाचा भूतकाळ अमर्याद मागे नेता येत नाही, कुठेतरी ते वर्णन थांबतं, इतकंच ते सांगतं. थांबतं तिथे काय आहे, याबद्दल ते गप्प आहे.

म्हणजे पहिल्या प्रश्नाची आजची स्थिती अशी: तप्त अवस्था नक्की, तिच्या मागचं दार बंद, आणि दाराला कान लावून बसलेले अनेक. दुसऱ्या प्रश्नासाठी मी शास्त्रीबुवांकडे जातो.

पहिल्याच गुरुवारी त्यांनी मला ‘सृष्टी’ शब्दावर अडवलं. म्हणाले, “तुम्ही निर्माण म्हणता, पण सृज् म्हणजे सोडणं, बाहेर टाकणं. उत्सर्जन त्यातलंच. गणपतीचं विसर्जनही त्यातलंच.” शून्यातून घडवणं हा अर्थ त्या धातूत नाही. आपल्याकडे ईश्वर जगाचा कर्ता आहे असं सर्वांत नेटाने मांडणारे नैयायिक, म्हणजे न्याय या तर्कप्रधान दर्शनाचे पंडित, आणि त्यांत दहाव्या शतकातले मिथिलेचे उदयनाचार्य. त्यांचा गाजलेला युक्तिवाद घटाचा: घट हे कार्य आहे, त्याला कुंभार लागतो. पृथ्वी वगैरेही कार्य आहे, त्यालाही कर्ता हवा. पण कुंभार माती करत नाही, ती त्याला आयती मिळते! न्यायमतात परमाणू नित्य आहेत, जीवही नित्य आहेत. ईश्वर फक्त निमित्तकारण, जुळवाजुळव करणारा. म्हणजे भारतातला ईश्वराचा सर्वांत मोठा वकीलसुद्धा द्रव्य अनादि आहे असंच म्हणतो.

आणि वेद मानणारे सगळे जगाचा निर्माता मानतात, हेही खोटं. मीमांसक, म्हणजे वेदांतल्या विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शाखेचे, कुमारिल भट्ट हे वेदांचे कट्टर अभिमानी. श्लोकवार्तिकात ते निर्मात्याची अशी काही उलटतपासणी घेतात, की आजच्या नास्तिकाने वही काढून बसावं. जग नव्हतं तेव्हा तो प्रजापती होता कुठे? शरीर नसताना इच्छा कशी झाली, आणि शरीर असेल तर ते कुणी केलं? करुणेने केलं म्हणता, तर प्राणीच नव्हते, करुणा कुणाची? मीमांसकांचं ठरलेलं वाक्य, जग असं नव्हतं असं कधीच नव्हतं. शतक-दोन शतकांनी राष्ट्रकूटांच्या काळातले जैन आचार्य जिनसेन याच धर्तीचे प्रश्न आणखी तिखट करून विचारतात. जैनमतात विश्व अनादि-अनंत, कर्ता नाही, आणि तरी तो धर्म म्हणून उत्तम चालला आहे.

मला खरा धक्का बसला तो ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या पायाभूत ग्रंथात. सुरुवातीलाच सूत्र आहे: ज्याच्यापासून याचा जन्म, स्थिती, लय होतो ते ब्रह्म. म्हणजे कारण मानलं. मग दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो, ईश्वराने जग केलं तर एक सुखी एक दुःखी असा पक्षपात का? उत्तर: ज्याच्या त्याच्या कर्मानुसार. पुन्हा आक्षेप: अगदी पहिल्या सृष्टीवेळी कर्म कुठून आणलं? उत्तर एका शब्दाचं: अनादि. पहिली सृष्टी अशी नव्हतीच. म्हणजे विश्व अनादि आहे आणि ईश्वराधीनही आहे, एकाच श्वासात! युरोपात तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याच जागी पोहोचला होता. विश्वाला सुरुवात आहे हे तो श्रद्धेने मानत होता, पण सुरुवात नसलेलं विश्वही देवनिर्मित असू शकतं, त्यात तार्किक विसंगती नाही, हे त्याने ठासून लिहिलं. त्यासाठी जुनं उदाहरण आहे: अनंतकाळापासून धुळीत उभा असलेला पाय. ठसाही अनंतकाळापासूनच आहे, तरी तो पायामुळेच आहे.

म्हणून ‘अनादि की देवनिर्मित’ यातला ‘की’च डळमळीत आहे. सुरुवात असलेलं पण कर्ता नसलेलं विश्व माझे निम्मे सहकारी मानतात. सुरुवात आणि कर्ता दोन्ही लमेत्र मानायचा. दोन्ही नको म्हणणारे हॉइल आणि कुमारिल, एकमेकांचं तोंडही न बघता एका बाकावर. आणि सुरुवात नाही पण आधार आहे, हे वेदान्ती. माझी दुर्बीण फार तर ‘सुरुवात आहे’ आणि ‘नाही’ या दोन गटांत फरक करेल. गटाच्या आतली भांडणं तिच्या पट्ट्यात येत नाहीत.

एका गोष्टीवर जरा चिडूनच लिहितो. दर विज्ञान दिनाला कुणीतरी मोबाइल पुढे करून दाखवतो: ब्रह्मदेवाचा दिवस ४.३२ अब्ज वर्षांचा, पृथ्वीचं वय ४.५४ अब्ज, बघा ऋषींना ठाऊक होतं. मग विश्वाचे १३.८ कुठे बसवायचे? दिवस-रात्र मिळून ८.६४ होतात. ही युगगणना कालमापनाची आहे. सगळ्या ग्रहांच्या फेऱ्या पूर्णांकात बसाव्यात म्हणून सिद्धान्तकारांनी, म्हणजे जुन्या खगोलग्रंथांच्या कर्त्यांनी, एवढा मोठा कालखंड घेतला. लहान मुलाने लघुतम साधारण विभाज्य काढावा तसा, फक्त जबरदस्त आकाराचा. त्यातली बुद्धिमत्ता पाहायची सोडून आपण योगायोगाला हार घालतो.

आता आजोबा. मी त्या दिवशी त्यांना ‘माउली’ म्हणालो, आणि विचारलं, देवाने केलं म्हणजे कसं केलं? ते हसले आणि तिथेच, तीस डिशपैकी एकीच्या सावलीत, चांगदेव पासष्टीतली ओवी म्हणाले: सोनें सोनेपणा उणें। न येतांचि झालें लेणें। तेंवि न वेंचतां जग होणें। अंगें जया॥ दागिना झाला म्हणून सोन्याचं सोनेपण कमी होत नाही, तसं तो जराही न खर्चता जग झाला. म्हणजे नैयायिकांचा कुंभार यांना मान्यच नव्हता. आजोबा ‘देवाने केलं’ म्हणत होते आणि नातीला ऐकू येत होतं ‘देवाने बनवून ठेवलं’. बिग बँगशी भांडण आजोबांचं नव्हतंच, ते नातीने परस्पर लावून दिलं होतं.

मग त्यांनी विचारलं, “हे एवढं मोठं ताट फिरवून तुम्ही काय बघता?” मी त्यांना हायड्रोजनचं सांगितलं. हायड्रोजनचा अणू एका ठरलेल्या वारंवारतेवर कुजबुजतो, १४२० मेगाहर्ट्झ. तो लांब असेल तर प्रसरणामुळे सूर खाली घसरतो. इथल्याच डिशनी ऐकलेली एक दीर्घिका २०२३ साली जाहीर झाली. तिचा सूर ६२० मेगाहर्ट्झपर्यंत उतरला होता, आणि मधल्या एका दीर्घिकेने भिंगासारखं काम केलं म्हणून तो ऐकू आला. तो निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता: ८.८ अब्ज वर्षांपूर्वीची गोष्ट. आजोबा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, “आणि त्याच्याही आधीचं?” म्हटलं, आणखी खालच्या सुरात असणार, १५० मेगाहर्ट्झच्या आसपास, सुरुवातीच्या तारे-दीर्घिकांच्या काळातलं. शोध चालू आहे. आपल्याच आकाशगंगेचा गोंगाट त्या पट्ट्यात हजारो पटींनी जास्त आहे, त्यामुळे अजून हाती लागलेलं नाही.

नात तोवर फोटो काढत होती. मी तिला मोबाइल बंद करायला लावला. फाटकावर पाटी असते, तरी दरवर्षी सांगावं लागतं: त्या डिशला तुमच्या खिशातला फोन कुठल्याही दीर्घिकेपेक्षा कैक पटींनी जोरात ऐकू येतो.